काळी पेटी नसलेल्या विमानाचा तपास: जॉन डेन्व्हर यांचं लाँग-ईझी

पंखपुराण

मोठं विमान पडलं की पहिला प्रश्न काळ्या पेटीचा येतो. ती सापडली की निम्मा तपास झाला असं आपण धरून चालतो, आणि ते फारसं चुकीचंही नाही. पण एक-दोन माणसांच्या हलक्या विमानांत, मग ते अल्ट्रालाइट असो, मायक्रोलाइट असो की कुणी गॅरेजात बांधलेलं असो, ही पेटी बहुधा बसवलेलीच नसते. वैमानिक गेलेला, विमानाचे तुकडे झालेले, आणि सांगायला कुणी नाही. अशा वेळी तपास करणारा माणूस नेमकं काय करतो, हे समजून घ्यायचं तर एक प्रकरण मला फार मोलाचं वाटतं. म्हणून हा धागा.

१२ ऑक्टोबर १९९७, रविवार. कॅलिफोर्नियात माँटेरे उपसागराच्या टोकाला, पॉइंट पिनोसजवळ, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला एक छोटं विमान समुद्रात कोसळलं. आत एकटे गायक जॉन डेन्व्हर होते. वय ५३. हौशी नवखे म्हणावेत असे ते नव्हते. वडील अमेरिकन हवाई दलात वैमानिक, बी-५८ बाँबरवर वेगाचे विक्रम केलेले. उडवायला त्यांनीच शिकवलं. डेन्व्हर यांच्या खाती २,७०० तासांहून जास्त उड्डाण होतं. ग्लायडर, सी-प्लेन, अनेक इंजिनांची विमानं, लिअरजेटसुद्धा. पण हे विमान त्यांना नवीन होतं. आदल्या दिवशीच त्यांनी ते ताब्यात घेतलं होतं, आणि ओळख म्हणून झालेलं उड्डाण जेमतेम अर्ध्या तासाचं.

विमान होतं लाँग-ईझी. बर्ट रूटान यांची रचना. लहान पंख पुढे नाकाजवळ (त्याला कॅनार्ड म्हणतात), मोठे पंख मागे, इंजिन आणि प्रोपेलर शेपटीकडे. ते कारखान्यातून तयार मिळत नाही. आराखडे विकत घ्यायचे आणि फोम-फायबरग्लासमधून स्वतः बांधायचं. डेन्व्हर यांनी घेतलेलं विमान टेक्सासमधल्या एका हौशी माणसाने बांधलेलं होतं. मूळ आराखड्यात साधारण १०० अश्वशक्तीचं इंजिन, यात १५० चं लायकमिंग.

आणखी एक बदल होता. लाँग-ईझीला इंधनाच्या दोन टाक्या असतात, डावी आणि उजवी, आणि एका वेळी एकाच टाकीतून इंजिनाला पेट्रोल जातं. कुठली टाकी हे ठरवणारी जी मूठ, फ्युएल सिलेक्टर, ती आराखड्यात वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, डोळ्यांसमोर दाखवली आहे. बांधणाऱ्याला कॉकपिटमधून पेट्रोलची नळी न्यायची नव्हती. आगीची भीती, आणि ती रास्त आहे. म्हणून त्याने झडप मागे इंजिनाजवळच्या पडद्यावर बसवली आणि मूठ आणली वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे. मुठीवर कुठलीही खूण नाही. शिवाय ती उजवीकडे वळवली की चालू व्हायची डावी टाकी.

इंधन किती उरलंय हे दाखवणाऱ्या पारदर्शक नळ्या मागच्या आसनाजवळ. त्यांच्यावरही आकडे नाहीत. पुढे बसलेल्याला त्या वळल्याशिवाय दिसत नाहीत.

त्या संध्याकाळी माँटेरेच्या विमानतळावर एका तंत्रज्ञाने डेन्व्हर यांना मदत केली. त्यांचं या मुठीबद्दल बोलणं झालं. हात पोचत नाही म्हणून मुठीला वाइस-ग्रिप पक्कड लावून ती लांब करून बघितली, तरी जमेना. नळ्या दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने एक छोटा आरसा दिला. उजवी टाकी अर्ध्याहून कमी, डावी पावाहूनही कमी, असा त्याचा अंदाज. पेट्रोल भरायचं का असं विचारल्यावर डेन्व्हर म्हणाले, नको, तासभरच उडायचंय. पेडलपर्यंत पाय नीट पोचावेत म्हणून त्यांनी पाठीमागे जादा उशी घेतली होती. म्हणजे शरीर आणखी पुढे सरकलं आणि खांद्यामागची मूठ आणखी लांब गेली.

उड्डाण केलं, तीन टच-अँड-गो (धावपट्टीला चाकं टेकवून लगेच पुन्हा उडणं) केले, मग किनाऱ्याच्या दिशेने निघाले. नियंत्रण कक्षाशी शेवटचं बोलणं ट्रान्सपॉन्डरबद्दलचं (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र), अगदी साधं. संकटाचा संदेश नाही.

इथून तपास सुरू होतो. एनटीएसबीने, म्हणजे तिथल्या अपघात तपास मंडळाने, वीसेक प्रत्यक्षदर्शी शोधले. किनाऱ्यावर फिरायला आलेली, घराच्या गच्चीत उभी असलेली साधी माणसं. उंचीचे अंदाज ३५० ते ५०० फूट. आठ जणांनी सांगितलं की फट् असा बॅकफायरसारखा आवाज झाला आणि इंजिनाचा आवाज उतरला. पाच जणांनी विमान एका कुशीवर तीव्र कललेलं पाहिलं, त्यांतल्या चौघांनी ते उजवीकडे कललं असं सांगितलं. बारा जणांनी ते नाक खाली करून जाताना पाहिलं.

पाण्याखालून जे तुकडे वर आले त्यांत ती झडप होती. ती ना डाव्या टाकीवर होती, ना उजव्या, ना बंद. मधेच कुठेतरी होती.

आता जुळवा. एक टाकी संपत आली, इंजिन अडखळलं, फट् आवाज. वैमानिकाने दुसरी टाकी चालू करायला हात मागे नेला आणि वळवतावळवता काहीतरी बिनसलं. इथवर कुणीही पोचेल. पण लाँग-ईझी तर स्टॉल व्हायला, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल जायला, नाखूश असणारं विमान आहे. कॅनार्ड आधी उचल सोडतो, नाक आपोआप खाली येतं, वेग परत मिळतो. इंजिन बंद पडलं तरी ते तरंगत तरंगत उतरतं. मग ते उजवीकडे कलून थेट पाण्यात का गेलं?

तपासकर्त्यांनी तशाच विमानात एका वैमानिकाला बसवलं आणि सांगितलं, ती मूठ फिरवून दाखवा. चार गोष्टी कराव्या लागल्या. उजव्या हातातली स्टिक, म्हणजे विमान चालवायची दांडी, सोडायची (या विमानात ती उजव्या बाजूला असते). खांद्याचा पट्टा सैल करायचा. धड डावीकडे ९० अंशांत वळवायचं. मग खांद्यामागची मूठ धरून फिरवायची. आणि बघणाऱ्यांच्या लक्षात आलं की तो माणूस दर वेळी धड वळवताना आधारासाठी उजवा पाय ताणतोय. त्या पायाखाली उजवं रडर पेडल होतं.

उजवं रडर दाबलं की नाक उजवीकडे वळतं, मागोमाग विमान उजवीकडे कलतं, आणि स्टिकवर तर हातच नाही. चार साक्षीदारांनी पाहिलेलं हेच.

मंडळाचा निष्कर्ष १९९९ च्या सुरुवातीला आला. मूठ फिरवण्याच्या खटपटीत वैमानिकाचं लक्ष विचलित झालं, नकळत उजवं रडर दाबलं गेलं आणि ताबा सुटला. उड्डाणापूर्वीची अपुरी तयारी, विशेषतः इंधन न भरणं, हेही कारण. आणि यात हातभार लावणारे घटक म्हणून: बांधणाऱ्याने खुणा नसलेली मूठ अवघड जागी बसवणं, इंधनाच्या नळ्यांवर खुणा नसणं, नव्या विमानाचं अपुरं प्रशिक्षण, या जातीच्या विमानाचा कमी अनुभव.

मला या अहवालाबद्दल आदर वाटतो तो यासाठी. 'वैमानिकाची चूक' असं लिहून फाइल बंद करता आली असती. ते थांबले नाहीत, त्या माणसाचा पाय कुठे गेला असेल इथपर्यंत गेले.

---

सह्यवासी

उत्तम लिहिलंय. एक शंका: लाँग-ईझीला अल्ट्रालाइट म्हणता येईल का? माझ्या समजुतीप्रमाणे अल्ट्रालाइट म्हणजे त्रिकोणी पंखाखाली लटकलेली, उघडी, मोटार लावलेली चौकट.

---

पंखपुराण

नाही, बरोबर आहे तुमचं. लाँग-ईझी हे 'एक्सपेरिमेंटल, हौशी बांधणीचं' या वर्गातलं. अमेरिकेत अल्ट्रालाइटची व्याख्या फार घट्ट आहे: एकच आसन, रिकामं वजन २५४ पौंडांपेक्षा कमी (साधारण ११५ किलो), इंधन ५ गॅलनपर्यंत (१९ लिटर), सपाट उड्डाणात वेग ५५ नॉटच्या वर नाही. त्यात बसलं की ना नोंदणी, ना परवाना, ना वैद्यकीय तपासणी.

पण याची दुसरी बाजू अशी की नोंदणीच नसलेलं असं अल्ट्रालाइट पडलं तर एनटीएसबी सहसा तपास करत नाही. स्थानिक पोलीस येतात, पंचनामा होतो, सांगाडा कुटुंबाकडे जातो. मुठीपर्यंत, पेडलपर्यंत कुणी जात नाही. डेन्व्हर यांच्या विमानाचा तपास निवडला तो म्हणूनच: इतक्या लहान विमानाचा इतका खोल तपास फार क्वचित होतो, आणि इथे तो झाला त्यात त्यांच्या नावाचाही वाटा असणार.

---

गोदाकाठ

मी ओझरला विमान कारखान्यात उभं आयुष्य काढलं, आता निवृत्त. आमचं काम लढाऊ विमानांचं, पण सांगाडा वाचायची रीत तीच, म्हणून थोडं लिहितो.

पहिल्यांदा बघतात चारही टोकं. दोन्ही पंखांची टोकं, नाक आणि शेपूट एकाच जागी सापडली का? सापडली तर विमान खाली येईपर्यंत अखंड होतं. एखादा भाग अर्धा किलोमीटर मागे पडलेला असेल तर तो हवेतच सुटला, आणि तपासाची दिशा तिथेच बदलते.

मग प्रोपेलर. धातूचा असेल तर पात्यांवर आडवे ओरखडे आणि पाती पुढे किंवा पिळून वाकलेली म्हणजे आदळताना इंजिन ताकदीने फिरत होतं. एक पातं सरळ आणि एक नुसतं मागे दुमडलेलं म्हणजे फिरत नव्हतं किंवा नावापुरतं फिरत होतं. लाकडी असेल तर ताकदीत आदळल्यावर चिपळ्या उडतात.

त्यानंतर नियंत्रणाच्या तारा. तुटलेलं टोक केरसुणीसारखं विसकटलेलं असेल तर ती ताणाने तुटली, म्हणजे आदळेपर्यंत शाबूत होती. टोक गंजलेलं, झिजलेलं, किंवा जोडातून अलगद सुटलेलं असेल तर मात्र श्वास रोखून बघायचं. बोल्टला सेफ्टी वायर होती का, कॉटर पिन होती का, हे तिथेच कळतं.

आणि झडपा, खटके, मुठी. आदळण्याच्या धक्क्याने त्या हलू शकतात, म्हणून नुसत्या स्थितीवर विसंबायचं नसतं. आतल्या बाजूला ओरखडा कुठे उमटलाय ते बघावं लागतं. तुमच्या लेखात झडप 'मधेच' सापडली, त्याला साक्षीदारांनी ऐकलेल्या आवाजाचा आणि इंधनाच्या अंदाजाचा दुजोरा आहे. एकट्या झडपेवर कुणी निकाल दिला असता तर मी मानला नसता.

---

अनघा_ब

काका, खूप छान समजावलंत. तो केरसुणीचा मुद्दा आता कायम लक्षात राहील.

मला विचारायचं होतं, डेन्व्हर यांच्या दारूबद्दल तेव्हा पेपरांत बरंच आलं होतं. त्याचा अपघाताशी संबंध होता का?

---

पंखपुराण

अनघाताई, तपासणीत दारू किंवा अमली पदार्थ सापडले नाहीत. मात्र दारू पिऊन गाडी चालवल्याच्या जुन्या प्रकरणांमुळे एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक खात्याने, त्यांना पूर्ण वर्ज्य करायची अट घातली होती, ती पाळली नाही म्हणून त्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र अपात्र ठरलं होतं. म्हणजे कायद्याने त्या दिवशी त्यांनी उडायला नको होतं. अहवालात हे आहे, लपवलेलं नाही. पण अपघाताच्या कारणांत ते नाही, कारण त्या उड्डाणातल्या घटनांशी त्याचा दुवा मिळाला नाही. तपासाची ही शिस्त मला फार महत्त्वाची वाटते. माणसाचा एखादा दोष सापडला म्हणून तो अपघाताला चिकटवून टाकायचा नाही.

---

रोखठोक

सगळं मान्य, पण इतकं फिरून शेवटी काय निघालं? टाकीत पेट्रोल कमी आहे हे माहीत. मुठीपर्यंत हात पोचत नाही हे माहीत. कुणीतरी भरू का म्हणून विचारतंय. पाच मिनिटांचं काम. २,७०० तास उडालेल्या माणसाने ते टाळलं. ही वैमानिकाची चूक नाही तर काय? बांधणाऱ्याच्या माथी कशाला? त्या विमानातून बांधणाराही उडालाच होता की.

---

गोदाकाठ

रोखठोक, तुमचा मुद्दा अहवालाने नाकारलेला नाही. इंधन न भरणं हे कारणांतच लिहिलंय, खाली 'घटक' म्हणून नाही.

पण कारखान्यातला एक अनुभव सांगतो. एखादा भाग उलटा बसवला गेला तर बसवणाऱ्याला बोलणी बसतात. दुसऱ्या पाळीत दुसऱ्याकडूनही तसंच झालं तर शहाणा इंजिनियर भागाकडे बघतो. उलटा बसूच कसा शकतो? एका बाजूला खाच ठेवा, उलटा बसणारच नाही. माणसाला 'लक्ष दे' असं कितीही सांगा, तो कधीतरी दमतो, कधीतरी घाईत असतो. खाच दमत नाही.

बांधणारा त्या विमानातून उडाला, कारण ती मूठ त्याने आपल्या हाताच्या लांबीने बसवली होती. त्याला खूण लागत नव्हती, कारण दिशा त्याच्या डोक्यात होती. विमान विकलं, तेव्हा त्याच्या डोक्यातली माहिती विमानाबरोबर गेली नाही.

---

वकील_पुणे

इथे एक कायद्याची बाजू. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या करारातलं परिशिष्ट १३ स्पष्ट सांगतं की अपघात तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे. दोष किंवा जबाबदारी कुणावर टाकणं हा नाही. आपल्याकडेही विमान अपघात अन्वेषण ब्युरो २०१२ मध्ये त्याच तत्त्वावर वेगळा केला गेला, म्हणजे नियम करणारे आणि तपास करणारे एकाच खात्यात राहू नयेत.

रोखठोक विचारतात तो प्रश्न, 'चूक कुणाची', न्यायालयाचा आहे. तिथे नुकसानभरपाई ठरते, तिथे तो विचारलाच पाहिजे. तपास मंडळाचा प्रश्न वेगळा: पुन्हा होऊ नये म्हणून कुठे हात घालावा? डेन्व्हर गेले, त्यांना आता पेट्रोल भरायला सांगता येत नाही. पण तशी मूठ असलेलं दुसरं विमान कुठल्यातरी हँगरमध्ये उभं असेल, तिथे काही करता येतं.

---

रोखठोक

हे पटलं. म्हणजे एकाच घटनेचे दोन निकाल असू शकतात, आणि दोन्ही खरे.

---

टेक्सासकर

मी गेली बरीच वर्षं इकडेच आहे, आणि आमच्या गावाजवळच्या छोट्या विमानतळावर शनिवारी अशी विमानं बांधणाऱ्यांचा राबता असतो. मी स्वतः वैमानिक नाही, हात काळे करायला जातो.

इथला नियम असा की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं असेल तर ते विमान या वर्गात नोंदवता येतं. आराखडा बदलायचं स्वातंत्र्य बांधणाऱ्याला. त्यातूनच फार मोठी माणसं घडली. रूटान यांचंच व्हॉयेजर विमान डिसेंबर १९८६ मध्ये कुठेही न उतरता, वाटेत इंधन न घेता, नऊ दिवसांत पृथ्वीला वळसा घालून आलं. लाँग-ईझीच्याच घराण्यातलं ते. त्यामुळे हे स्वातंत्र्य काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही.

पण विमान विकलं जातं तेव्हा धोका बदलतो. बांधणाऱ्याने प्रत्येक स्क्रू स्वतः पिळलेला असतो. दुसऱ्या मालकाला वाटतं, हे लाँग-ईझी आहे, लाँग-ईझी मला वाचून माहीत आहे. पण प्रत्येक लाँग-ईझी वेगळं. एनटीएसबीने २०१२ मध्ये हौशी बांधणीच्या विमानांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ या एका वर्षातले २२४ अपघात घेतले. इंजिन बंद पडणं आणि विमानावरचा ताबा सुटणं ही दोन कारणं सगळ्यांत वर. आणि विकत घेतलेल्या जुन्या विमानांच्या अपघातांपैकी काही तर नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात झालेले. डेन्व्हर यांचं प्रकरण त्याच्या कितीतरी आधीचं, पण चित्र तेच.

आमच्या इथले एक आजोबा विमान विकताना घेणाऱ्याला आधी डोळ्यांवर पट्टी बांधून कॉकपिटमध्ये बसवतात. प्रत्येक खटका, मूठ हाताने शोधून दाखवायची. जमलं तरच चावी.

---

निरभ्र

मी कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगला होतो. आम्ही मायक्रोलाइटमधून उडालो ते झेनएअर सीएच-७०१ होतं. मधे कुठेतरी वाचलं की झेनएअरच्या विमानांचे पंख हवेत तुटले होते. तेच का हे? वाचून धास्तावलो होतो.

---

टेक्सासकर

निरभ्र, ते वेगळं विमान. आराखडाकार तेच, ख्रिस हाइन्ट्झ, पण सीएच-७०१ हे वर जाड पंख असलेलं, हळू उडणारं, आखूड जागेत उतरणारं. तुटलं ते झोडिअॅक सीएच-६०१ एक्सएल, खाली पंख असलेलं, वेगवान. दोघांत गल्लत नको.

पण ती कथा या धाग्यात यायलाच हवी, कारण तिथे एका अपघातातून काहीच कळत नव्हतं. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात एक तुटलं. मग आणखी एक. मग स्पेन, फ्लॉरिडा, नेदरलँड्स, यूटा. प्रत्येक ठिकाणचा तपास सुटा बघितला तर 'वैमानिकाने वेग जास्त ठेवला असेल', 'वारा असेल', 'बांधणीत खोट असेल' असं काहीही म्हणता येत होतं. एनटीएसबीने ते सगळे शेजारी शेजारी मांडले. सहा विमानं हवेत मोडलेली, दहा माणसं गेलेली. १४ एप्रिल २००९ ला त्यांनी एफएएला तातडीने कळवलं की ही विमानं उडू देऊ नका.

संशय फ्लटरवर होता. पंखाच्या कडेची झडप, एलेरॉन, हवेच्या झोतात थरथरू लागते, ती थरथर पंखाच्या स्वतःच्या लयीशी जुळते, आणि काही क्षणांत पंख फाटतो. एलेरॉनच्या तारा सैल असतील तर हे लवकर होतं. या विमानात एलेरॉनला पुढून तोलणारं वजन नव्हतं.

आराखडाकारांचं म्हणणं होतं, तारांचा ताण बरोबर ठेवा, फ्लटर होणार नाही. एफएएने लगेच बंदी घातली नाही, आढावा घेत राहिली. नोव्हेंबर २००९ मध्ये आर्कान्सासात आणखी एक तुटलं, आणि त्यानंतर मात्र दुरुस्तीशिवाय उडू नका असं सांगितलं गेलं. पंखाची बळकटी वाढवली, एलेरॉनला तोल देणारी वजनं बसवली.

एप्रिल ते नोव्हेंबर. ते सात महिने मला अजून डाचतात.

---

पंखपुराण

ही भर फार मोलाची. गोदाकाठ काकांनी 'चारही टोकं' म्हणून जी पहिली पायरी सांगितली, ती झोडिअॅकच्या बाबतीत पहिल्याच दिवशी बोलली असणार: पंख बाकी सांगाड्यापासून दूर. डेन्व्हर यांच्या विमानात तसं काही नव्हतं, म्हणून तपास रचनेच्या ताकदीकडे न जाता माणूस आणि मूठ यांच्याकडे वळला.

---

निरभ्र

धन्यवाद दादा, जीव भांड्यात पडला.

आपल्याकडचं सांगतो. आता एनसीसी, हवाई दल आणि नौदलासाठी स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीची व्हायरस एसडब्ल्यू ८० विमानं घेतली गेली, २०१५ मध्ये १९४ विमानांचा करार झाला. त्यातल्या हवाई दलाच्या एका विमानाला फेब्रुवारी २०१८ मध्ये आसामात माजुलीजवळ अपघात झाला, दोन्ही वैमानिक गेले. हवाई दलाची चौकशी होते, पण तिचे अहवाल सहसा लोकांसमोर येत नाहीत. सैन्याची कारणं समजू शकतो. तरी तसंच विमान कॅडेट उडवतात, तेव्हा निदान तांत्रिक भाग तरी खुला असावा असं मनापासून वाटतं.

---

वकील_पुणे

+१. लष्करी चौकशी आणि नागरी तपास यांत हा मूलभूत फरक आहे. नागरी तपासाचा अंतिम अहवाल प्रसिद्ध करणं अपेक्षितच असतं. एकाच जातीचं विमान दोन्हीकडे उडत असेल तर धडा मधल्या भिंतीपाशी अडतो.

---

अनघा_ब

आता मोबाईल, टॅब्लेट, जीपीएस सगळ्यांकडे असतं. मग काळी पेटी नसण्याचा प्रश्न थोडा सुटला असेल ना?

---

पंखपुराण

हो, पुष्कळ. पाण्यातून काढलेल्या जीपीएसच्या चिपमधूनसुद्धा मार्ग, उंची, वेग मिळतो. २०१२ च्या त्या अभ्यासातही हाच आग्रह होता की हौशी विमानांतले नवे पडदे जी माहिती साठवतात तिचा उपयोग करा.

बेसबॉलपटू रॉय हॅलडे नोव्हेंबर २०१७ मध्ये फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर आयकॉन ए-५ या हलक्या, पाण्यावर उतरणाऱ्या विमानात गेले. त्या विमानात माहिती नोंदवणारं यंत्र होतं. त्यामुळे पाण्यापासून काही फुटांवरून उडणं, तीव्र चढ, तीव्र वळणं, सगळं सेकंदासेकंदाने मिळालं. त्यांच्या शरीरात अॅम्फेटामिनसह अनेक औषधं सापडली, आणि इथे त्यांचा दुवा जुळला म्हणून ती कारणांत आली. डेन्व्हर यांच्या अहवालाशी हा फरक ताडून बघा.

पण एक सांगतो. यंत्राने विमान काय करत होतं ते सांगितलं असतं: उजवीकडे कललं, नाक खाली गेलं. पाय का ताणला गेला हे कुठलंही यंत्र सांगणार नव्हतं. त्यासाठी कुणालातरी त्या आसनात बसवून वळायलाच सांगावं लागलं.

---

रोखठोक

शेवटचा प्रश्न. इंजिन बंद पडलं तरी हे विमान तरंगत उतरतं असं तुम्हीच लिहिलंत. मग ती मूठ सोडून द्यायची आणि सरळ पाण्यावर उतरायचं, हे शक्य होतं का?

---

पंखपुराण

माझं मत विचाराल तर हो, शक्य होतं, पण वेळ अगदी थोडा होता. पाचशे फुटांवरून पाण्यापर्यंत यायला एखादं मिनिट, तेही सगळं नीट केलं तर. इंजिन अडखळलं की प्रत्येक वैमानिकाचा हात आधी टाकी बदलण्याकडे जातो, तसंच शिकवलेलं असतं, आणि बहुतेक विमानांत ते दोन सेकंदांचं काम असतं. त्यांच्या हातालाही तीच सवय. या विमानात त्याच कामासाठी स्टिक सोडावी लागत होती. हेच काम तीन हजार फुटांवर केलं असतं तर विमान कललं असतं, घाबरायला झालं असतं, आणि सावरायला जागा उरली असती. अहवालात उंचीवर बोट ठेवलेलं नाही, हे माझं वाचन.

---

गोदाकाठ

बरोबर. उंची म्हणजे वेळ. नव्या विमानाची मूठ पहिल्यांदा फिरवायची ती जमिनीवर, पट्टे आवळून, आणि दुसऱ्यांदा भरपूर उंचीवर, विमानतळाच्या डोक्यावर. दोन्ही टाक्या, दोन्ही दिशा.

निरभ्र, तुझ्या ओळखीत अजून कुणी कॅडेट किंवा ग्लायडिंगवाले असतील तर त्यांना एवढंच विचारायला सांग, की पट्टे आवळल्यावर कुठल्या खटक्यापर्यंत हात पोचत नाही. जे उत्तर येईल ते इथे लिही. मला बघायचंय.

---

निरभ्र

नक्की काका. आमच्या बॅचचा एक जण आता प्रशिक्षक आहे, त्याला आजच विचारतो.